काढून टाकायच्या नावांची वही

४ जानेवारी १९९९, सोमवार

आज एकोणसाठ शिव्या. बहुतेक इंग्रजीतून, म्हणून कमी लागतात. एकाने विचारलंय, तुम्हाला आई-बहीण आहे की नाही? सासू आहे हो बाबा. रोज संध्याकाळी तिलाच तोंड द्यायचं असतं.

जूनमध्ये इथे बंगळुरात शिवाजीनगरला हयवदनसरांकडे लागले तेव्हा अत्तेंना (सासूबाईंना; इथल्या जुन्या मराठ्यांच्या घरांत सासूला अत्तेच म्हणतात) सांगितलं, टपालाचं काम आहे. खोटं नाही ते. न मागितलेलं टपाल लोकांच्या कॉम्प्युटरवर नेऊन टाकायचं. आज कुकर, उद्या योगासनांचा वर्ग, परवा जुन्या गाड्या. सहा हजार दोनशे पत्ते! कुठून आले? हॉटेलात काचेच्या भांड्यात लोक आपलं कार्ड टाकतात ना, बक्षीस लागेल म्हणून, तिथून. प्रदर्शनांतून, मंडळांच्या स्मरणिकांतून. ती माणसं बिचारी बक्षिसाची वाट बघतात आणि त्यांना लागते मी.

प्रत्येक यादीत पहिला पत्ता माझा आणि शेवटचाही माझाच. पहिलं पत्र मला आलं म्हणजे मेल सुटली, शेवटचं आलं म्हणजे सगळ्यांना पोचली. धंद्याची पद्धत आहे म्हणे. म्हणजे बंगळुरात सगळ्यांच्या आधी छळ माझा, आणि सगळ्यांच्या नंतरही माझाच!

शिव्या देणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, हा सरांचा नियम. "मॅडम, जो चिडतो तो वाचतो! त्याचा पत्ता जिवंत आहे. तो काढायचा नाही, जपायचा." मी मान हलवते. पण खणात एक शंभर पानी वही ठेवलीय. काढून टाकायच्या नावांची. जो 'नको' म्हणाला त्याचं नाव वहीत, आणि सर जेवायला गेले की यादीतून बाहेर. त्याच दिवशी. नको म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नये, एवढं मला कळतं.

५ जानेवारी

लाइन दिवसभर बंद. कुणालाच काही गेलं नाही. सगळ्या शहराला एक दिवस सुट्टी!

७ जानेवारी, गुरुवार

नवं काम आलं. व्यंकोजीराव म्हणून आहेत, इथेच मागच्या गल्लीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान. पांढऱ्या मिशा, कानात जुनी भिकबाळी. त्यांची जाहिरात करायची आहे, पण जाहिरात वाटायला नको. म्हणून सरांनी डोकं लढवलं. स्नेहवर्धिनी महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदी-कुंकू रथसप्तमीला, रविवारी चोवीसला, मल्लेश्वरमच्या हॉलमध्ये. वाण व्यंकोजीरावांकडून. झाकणाचा छोटा डबा, त्यावर दुकानाचं नाव कोरलेलं. आणि आमंत्रण? आमच्या यादीतून. यादीतली सातशे नावं मराठी निघाली.

मंडळाच्या सेक्रेटरी अंजलीताई आल्या होत्या. पुण्याच्या. तीन वर्षं झाली इथे येऊन, पण बसल्या की पुणं मांडीवर. "इतक्या जणींकडे घरोघर कुंकू लावून आमंत्रण द्यायला कोण जाणार? सगळ्या बिझी. ईमेल इज बेस्ट!"

मजकूर मी लिहायचा. कारण ऑफिसात मराठी धड मलाच येतं. बेळगावात शिकल्याचा फायदा.

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मजकुरात काय असतं ते माहीत आहे. हळदी-कुंकवाला शेवटचं जाऊन सहा वर्षं झाली, एवढंच.

घरी आले तेव्हा अत्ते तांदूळ निवडत होत्या. त्यांना काही सांगितलं नाही. दयानंद, माझा नवरा, गेल्यावर तेराव्याच्याही आधी माझा कुंकवाचा करंडा त्यांनीच उचलून माळ्यावर टाकला. मी न्हाणीघरात होते. बाहेर आले तर देवळी रिकामी. एक शब्द नाही! मीही विचारलं नाही. या गोष्टीवर आम्ही पाच वर्षं बोललेलो नाही. बाकी सगळं बोलतो. दूध नासलं, नळ गेला, खाली शिवाप्पाच्या फोनबूथवर भांडण झालं, सगळं.

८ जानेवारी

मजकूर: "सस्नेह नमस्कार. रथसप्तमीच्या दिवशी आपण सर्वांनी हळदी-कुंकवासाठी अगत्य येण्याचे करावे. आपली वाट पाहत आहोत." मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. लोकांच्या कॉम्प्युटरवर देवनागरी दिसत नाही, चौकोन दिसतात.

चार वाजता पाठवायला बसले. मोडेम किंचाळलं, लाइन लागली, आणि पहिलं पत्र टुणकन मला आलं.

वीणा मोहिते यांस, सस्नेह नमस्कार. अगत्य येण्याचे करावे. आपली वाट पाहत आहोत.

मीच लिहिलेलं, मीच पाठवलेलं. पद्धतीप्रमाणे आलेलं. तरी बराच वेळ बघत बसले. सर म्हणाले, "काय मॅडम, गेलं ना?" म्हटलं, पोचलं.

९ जानेवारी

आपण सर्वांनी. सर्वांनी! हे लिहिताना माझ्या डोक्यात कसं आलं नाही? घरोघर जाणारी बाई दार बघून पुढे जाते. कॉम्प्युटर दार बघत नाही.

११ जानेवारी, सोमवार

जे व्हायचं तेच झालं. पत्र आलंय. आसावरी नावाची मुलगी. मराठीच, पण निम्मं इंग्रजी. जसं आठवतं तसं लिहिते:

"प्लीज माझं नाव तुमच्या लिस्टमधून रिमूव्ह करा. मी नागपूरची, इथे कोरमंगलाला जॉब करते. एकोणतीस वर्षांची आहे. माझे मिस्टर सत्त्याण्णवमध्ये अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेले. तुम्हाला माहीत नसणार, तुमची चूक नाही. पण असं मेल पुन्हा नको. मी ऑफिसमध्ये उघडलं आणि मग मला बाहेर जावं लागलं."

वही काढली. पेन काढलं. नियम माझाच आहे, नको म्हणाला की त्याच दिवशी बाहेर. 'आ' लिहिला आणि थांबले.

एकोणतीस! मी तेहेतीसची होते. मला कुणी काढलं यादीतून ते कळलंही नाही. कुणी 'हवं की नको' विचारलं नव्हतं, मी 'नको' म्हटलं नव्हतं. नुसती आमंत्रणं यायची थांबली. समोरच्या घरात गौरीचं हळदी-कुंकू आणि मी खिडकी लावून घेतलेली, उगाच. कुणी बघू नये की मी बघतेय.

नाव काढलं नाही. पहिल्यांदाच.

१२ जानेवारी

सकाळी आसावरीला उत्तर दिलं. सर म्हणतात उत्तर द्यायचं नाही, म्हणून सर यायच्या आत. लिहिलं, "चूक झालेली नाही. आमंत्रण तुम्हालाच आहे. या."

पाठवल्यावर सुचलं. मी कोण? मंडळाची सभासदसुद्धा नाही! टंकलेखन करणारी बाई. आणि तिथे दारात अंजलीताई कुंकवाची वाटी घेऊन उभ्या. ही पोरगी गेली आणि त्यांचा हात थांबला तर? सातशे बायकांसमोर? ती दोन वर्षांनी धीर करून येणार आणि मी तिला परत तिथेच नेऊन उभी करणार.

दुपारी आणखी एक पत्र. जयनगरच्या एक बाई, वय एकसष्ट. त्यांच्या मुलाच्या पत्त्यावर गेलं होतं. "मुलगा हसला म्हणे आई तुला बोलावलंय. मी त्याला सांगितलं की रांडवांना नसतं. तरी विचारते." त्यांनाही लिहिलं, या.

एकदा हात सैल सुटला की सुटला.

१३ जानेवारी

हे पत्र पूर्ण उतरवून ठेवते. पत्त्यावरून काही कळत नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. कुणीतरी सांगितलं आणि कुणीतरी लिहिलंय.

"मंडळाच्या बायकांना नमस्कार. मला पत्र वाचून दाखवलं. मी म्हातारी बाई. माझं काही नाही, मला सवय झाली. माझी सून आहे. माझा मुलगा गेला त्याला बरीच वर्षं झाली. ती कुठे जात नाही. तिला घेऊन आले तर तिला कुंकू लावाल काय? आधी स्वल्प सांगा. दारात गेल्यावर नको म्हणालात तर ते मला बघवणार नाही. नको असेल तर आताच नको म्हणा, मी तिला काही सांगितलंच नाही असं समजेन. सरी."

रडू आलं. चांगलं मोठ्याने. सरांना सांगितलं सर्दी आहे.

अशी सासू असते! थोडं म्हणायला 'स्वल्प', बरं म्हणायला 'सरी'... इथलीच कुणीतरी, जुन्या घरातली. आमच्या अत्तेही असंच बोलतात, पण त्यांच्या तोंडून हे? माळ्यावर करंडा टाकणाऱ्या अत्ते!

लिहिलं, "दोघी या. दारात कुणी नको म्हणणार नाही. मी शब्द देते."

शब्द देऊन बसले. आता मलाही जावं लागणार. मी दारात नसेन तर त्यांना सांभाळणार कोण?

१४ जानेवारी, संक्रांत

अत्तेंनी एळ्ळु-बेल्ल केलं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सगळं बारीक चिरून, मोत्यासारखं. मला वाटी दिली, "घे, आणि गोड बोल स्वल्प. तुझी जीभ म्हणजे नुसती विळी." मी म्हटलं, आणि तुमची? हसल्या. दात नसलेलं हसू छान दिसतं त्यांचं. ते मी कधी सांगितलेलं नाही.

मग खाली बूथवर गेल्या. धारवाडच्या बहिणीला फोन करायचा म्हणे. या आठवड्यात तिसऱ्यांदा! बहिणीशी पटत नाही आणि फोन मात्र सारखे. शिवाप्पा त्यांना स्टूल देतो आणि निपाणीकडच्या गोष्टी सांगत बसतो. बूथवर त्याने आता कॉम्प्युटरही ठेवलाय. तिथे गर्दी असते कॉलेजच्या पोरांची, आणि मधे नऊवारीत अत्ते.

१६ जानेवारी, शनिवार

अंजलीताईंचा फोन. जयनगरच्या बाईंचा मुलगा अंजलीताईंच्याच नवऱ्याच्या ऑफिसात निघाला! "माझ्या आईला बोलावल्याबद्दल थँक्स," असं त्याने सांगितलं, आणि अंजलीताईंच्या लक्षात आलं की आमंत्रण सगळ्यांनाच गेलंय.

"वीणाताई, मी पर्सनली काही मानत नाही हो. पण मंडळात सीनियर लेडीज आहेत. त्यांचं काय? तुम्ही एक करेक्शन पाठवा. सौम्य शब्दांत. 'फक्त सुवासिनींसाठी' एवढंच."

एवढंच!

व्यंकोजीराव ऑफिसातच होते, डब्याचा नमुना घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "काय की बाई. भांडं सगळ्यांनाच लागतंय. स्वयंपाक काय फक्त सवाष्णीच करतात काय? माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकाचं कपाळ बघत नाही, हात बघतो. कुठलं भांडं उचलते ते." मग मिशी चोळत, "आमची आई विधवाच होती. हे दुकान तिनेच चालवलं."

पण सर म्हणाले, मंडळ सांगतं तसं करा. सोमवारी करेक्शन गेलंच पाहिजे.

१८ जानेवारी, सोमवार

करेक्शन टाइप केलं. 'फक्त सुवासिनींसाठी.' सरांनी मागे उभं राहून वाचलं. मराठी त्यांना समजत नाही, पण शब्द मोजले आणि बरोबर म्हणाले.

मग यादी निवडायची. सातशेची यादी समोर. तिच्या वरच एक छोटी यादी असते, चाचणीची. त्यात एकच पत्ता. माझा.

तीच निवडली.

मोडेम किंचाळलं. पत्र सुटलं, पत्र पोचलं. "फक्त सुवासिनींसाठी," मला एकटीला. सरांना दाखवलं, आलं बघा सर, पोचलं. ते खूश.

हे पत्र सातशे जणींना जायचं होतं. एकीने घेतलं, पुरे झालं. मला तर ते आधीच माहीत होतं.

बसमध्ये यशवंतपूरपर्यंत एकच हिशेब. नोकरी जाईल. जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं? घरभाडं कोण देणार? तरी जाऊ दे.

२० जानेवारी

सासूबाईंचं (ती दुसरी, पत्रातली) पुन्हा पत्र.

"तुम्ही या म्हणालात. बरं वाटलं. पण सुनेला सांगू कसं? आमचं या विषयावर बोलणं नाही. तोंडाची फटकळ आहे, मनाने तशी नाही. मला तिची भीती वाटते. हसू नका."

हसलेच! काय सून असेल एकेक. सासू एवढी जीव टाकते आणि हिचं तोंड सुटलेलं. लिहिलं, "घाबरू नका. सरळ सांगा की चल माझ्याबरोबर, बस. तुमचं मन तिला कळेल. न कळलं तर माझ्याकडे पाठवा, मी बघते तिला!"

आसावरीचं उत्तर नाही. येणार नसेल. येऊ नये असंही वाटतं. यावी असंही वाटतं.

२२ जानेवारी

शिव्या सदतीस. वहीत सदतीस नावं. झोप नीट नाही. सारखं एकच दिसतं, कुंकवाची वाटी आणि थांबलेला हात.

२३ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी अत्ते दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "उद्या... स्वल्प बाहेर जायचं होतं. येतीस काय?"

कुठे, असंही विचारलं नाही मी. डोक्यात उद्याचं एवढं होतं. "उद्या नाही जमायचं. ऑफिसचं काम आहे."

"रविवारी?"

"हो, रविवारी! काम काय वार बघून येतं?"

"सरी," म्हणाल्या आणि आत गेल्या. उगाच तोडून बोलले. डॉक्टरकडे जायचं असेल गुडघ्यासाठी. सोमवारी नेईन.

२४ जानेवारी, रथसप्तमी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

सकाळी निघाले तेव्हा अत्तेंनी त्यांची मोरपंखी साडी वाळत घातली होती. कपाटाच्या वासाची. विचारलं, कशाला काढली? "ऊन दाखवायला," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

हॉलच्या दारात टेबल. मी नावांवर खुणा करायच्या आणि व्यंकोजीरावांचे डबे द्यायचे. अंजलीताई वाटी घेऊन उभ्या. त्यांना वाटत होतं करेक्शन गेलंय.

आणि गंमत म्हणजे तासभर कुणाला काही कळलंच नाही! निम्म्या पोरी जीन्समध्ये. कपाळावर काही नाही, गळ्यात काही नाही. लग्न झालेल्यांचंही नाही. अंजलीताई लावत सुटल्या. एक मुलगी दारात रेंगाळत होती. केस आखूड, हिरवा कुर्ता. मी विचारलं, नाव? "आसावरी." म्हटलं, मी वीणा. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं. मग पुढे झाली. अंजलीताईंनी लावलं, हसून, पुढची! तिला कळलं नाही की त्यांना कळलं नाही. ती कोपऱ्यात जाऊन खुर्चीवर बसली आणि बराच वेळ कपाळाला हात लावून बघत होती, ओलं आहे का ते.

मग जयनगरच्या बाई आल्या. पांढरी साडी, एकसष्ट वर्षं, मोकळं कपाळ. इथे लपायला जागा नाही. अंजलीताईंचा हात वाटीत गेला आणि थांबला.

तोच हात. तसाच थांबलेला. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा हळू.

बाई म्हणाल्या, "चुकलं वाटतं. मी जाते हं." वळल्यासुद्धा!

मी टेबलामागून बाहेर आले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "काही चुकलं नाही. आमंत्रण मी पाठवलंय. मी लिहिलं, आपण सर्वांनी. करेक्शन मी पाठवलं नाही. ते फक्त मला गेलं."

मागून एक सीनियर बाई म्हणाल्या, "अहो, पण रीत म्हणून काही असते की नाही?" अंजलीताई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने की काय, कळेना. मग वाटी माझ्या हातात दिली. "मग तुम्हीच लावा."

ते टाकून बोलणं होतं की देणं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी लावलं. पाच वर्षांनी बोट कुंकवात बुडवलं. बाईंनी डोळे मिटले. एकसष्ट वर्षांची बाई, लहान मुलीसारखी मान वर करून उभी. त्यांच्यामागे आणखी दोघी होत्या, माझ्याशी पत्रव्यवहारही नसलेल्या! नुसत्या आमंत्रण वाचून आलेल्या. त्यांनाही लावलं. व्यंकोजीरावांनी लांबूनच डबे पुढे सरकवले, "घ्या बाई, झाकण घट्ट आहे."

नंतर अंजलीताई जवळ आल्या. म्हणाल्या, "माझी आत्या... जाऊ दे." आणि चहा आणून दिला. एवढंच.

पण त्या सासू-सुना आल्या नाहीत. म्हाताऱ्या बाईबरोबर कुणी आलं की मी उठून उभी राहायची. हॉल झाडायला आले तरी दारात होते. सुनेने नको म्हटलं असणार. एवढ्या मोठ्या मनाची सासू आणि तिला समजूत घालता आली नाही. दोन डबे बाजूला काढून ठेवलेत. पत्ता मिळाला तर नेऊन देईन.

मला कुणी लावलं नाही. वाटी माझ्याच हातात होती, कुणाच्या लक्षात कसं येणार? घरी आले तर अत्ते न जेवता बसलेल्या. मोरपंखी साडी घडी घालून कपाटात.

२५ जानेवारी, सोमवार

सर ओरडले, पण व्यंकोजीरावांनी आणखी तीन महिन्यांचं काम दिलंय, म्हणून आपोआप थांबले. मग मेल उघडली. नुसत्या अक्षर-आकड्यांचा तो पत्ता.

"मंडळाच्या बायकांना नमस्कार. येता आलं नाही. सुनेला रविवारीसुद्धा कामावर बोलावलं. तिच्याशिवाय मी एकटी येऊन काय करू. साडी काढली होती. तिचा करंडा मी माळ्यावर टाकला होता, मुलगा गेला तेव्हा. बायका येऊन तिचं पुसतील, त्याआधी मीच उचलला, तिच्या नजरेसमोर नको म्हणून. ते तिला कधी सांगितलं नाही. शनिवारी शिवाप्पाने माळ्यावरून काढून दिला. घासून ठेवलाय. पुढच्या वर्षी बोलवाल काय? आमचं नाव यादीतून काढू नका."

दुपारीच घरी निघाले. पिशवीत दोन डबे.

करंडा शोधला, देव्हाऱ्यामागे फडक्यात होता. मी काढून आणला. अत्ते बघतच राहिल्या. दोन डबे त्यांच्यासमोर ठेवले. आधी त्यांना लावलं. मग खाली वाकले.

अत्तेंनी लावलं. कुंकू माझ्या नाकावर सांडलं. पुसलं नाही.